हरवलेल्या शहरातली धूळ

‘‘डॉक्टर, टीबीच्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले. यांचं वजन वाढायचं सोडून उलट कमीच होतंय,’’ केसपेपर माझ्यापुढे सरकवत त्या बाई म्हणाल्या. शेजारी त्यांचे यजमान खोकल्याची उबळ रुमालात दाबत बसले होते. वय साठीच्या पुढे, निवृत्त शिक्षक, दहा वर्षांपासून मधुमेह. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी. आपल्याकडे असा एक्स-रे पाहिला की डॉक्टरच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो टीबी. शंभरातल्या बहुतेक वेळा तो बरोबरही असतो.

या गृहस्थांच्या बेडक्यात टीबीचा जंतू दोनदा शोधूनही सापडला नव्हता. तरीही लक्षणं आणि एक्स-रे यांवरून एका खासगी डॉक्टरांनी औषधं सुरू केली होती. दोन महिन्यांनी ते आमच्या सरकारी रुग्णालयात आले. त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही, कारण पुढचा महिनाभर त्याच गोळ्या मीही चालू ठेवल्या. मधुमेह आहे, फरक पडायला थोडा वेळ लागेल, अशी मीच माझी समजूत घातली.

तीन महिन्यांनंतरही सुधारणा नाही म्हटल्यावर मात्र आम्ही फुप्फुसाचा तुकडा तपासायला पाठवला. चौथ्या दिवशी पॅथॉलॉजीच्या मॅडमचा फोन आला. ‘‘सर, हा टीबी नाही. बुरशी आहे, आणि आपल्याकडची नाही. पेशंट परदेशात जाऊन आलाय का?’’

मी केसपेपर उलगडला. तंबाखू नाही, दारू नाही, घरात कुणाला टीबी नाही, मधुमेहाची औषधं कोणती, भूक कशी, झोप कशी, सगळं माझ्याच हस्ताक्षरात होतं. पण गेल्या वर्षभरात हा माणूस कुठे राहिला, कुठे फिरला, याबद्दल एक शब्दही नव्हता. मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. मुलगा अमेरिकेत ॲरिझोनामधल्या फिनिक्स शहरात नोकरीला. दोघंही त्याच्याकडे सहा महिने राहून आले होते. घरामागच्या अंगणात मास्तरांनी स्वतः खणून भाजीचे वाफे केले होते. तिथली माती कशी? ‘‘अहो, माती कसली, नुसता फुफाटा. आणि मधूनच असं वादळ उठायचं की समोरचं घर दिसेना.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘हे आधीच सांगायला हवं होतं का? पण टीबीचा नि अमेरिकेचा काय संबंध, असं वाटलं.’’

मला लागलं ते वेगळंच. ॲरिझोनाच्या धुळीतला हा आजार मला माहीत होता. पाठ्यपुस्तकात त्याच्यावर जेमतेम अर्धं पान होतं आणि परीक्षेत तो कधी आला नाही. मला तो माहीत होता एका रहस्यकादंबरीमुळे.

सोन्याच्या शहराची गोष्ट

निवासी डॉक्टर असल्यापासून मला एक व्यसन आहे. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी पुस्तकांचे ढीग लागतात. त्यातून जाडजूड साहसकथा उचलायच्या आणि रात्रपाळीत कॉल नसला की वाचायच्या. हरवलेलं शहर, जुना नकाशा, वाळूत किंवा जंगलात गडप झालेली संस्कृती, असा मालमसाला असला की झोप उडालीच. ‘थंडरहेड’ ही डग्लस प्रेस्टन आणि लिंकन चाइल्ड या जोडीची १९९९ सालची कादंबरी मला अशीच मिळाली.

तिची नायिका नोरा केली ही तरुण पुरातत्त्वज्ञ. सोळा वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या वडिलांचं एक पत्र तिच्या हाती पडतं. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटात आपल्याला ‘क्विव्हिरा’ हे दंतकथेतलं सोन्याचं शहर सापडलं आहे, असं त्यात लिहिलेलं. रडारच्या चित्रांतून एका प्राचीन रस्त्याचा माग लागतो, मोहीम निघते, घोडे आणि माणसं यूटाच्या अरुंद दऱ्यांमध्ये शिरतात. शहर सापडतं. आणि मग माणसं आजारी पडू लागतात.

इथून पुढे रहस्य फोडतो आहे. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी मला माफ करावं. माणसांना मारणारा तो शाप वगैरे काही नसतो. त्या शहरातल्या धुळीत एका बुरशीचे बीजाणू असतात. श्वासाबरोबर धूळ आत जाते आणि फुप्फुसात बुरशी वाढू लागते. तिचं नाव कॉक्सिडिऑइडिस. ती जो आजार करते त्याला अमेरिकेत ‘व्हॅली फिव्हर’ म्हणतात, म्हणजे ‘खोऱ्यातला ताप’. हे खोरं कॅलिफोर्नियातलं सान वाकीन.

माझ्या मास्तरांच्या फुप्फुसात हीच बुरशी होती. सूक्ष्मदर्शकाखाली मॅडमनी मला दाखवली. जाड सालीच्या गोल पिशव्या आणि त्यात खच्चून भरलेले बारीक गोळे, फोडलेल्या डाळिंबासारखे. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. पण पाहण्याआधी ते मनात यावं लागतं. तेच झालं नव्हतं.

मातीत राहणारा पाहुणा

या आजाराची पहिली नोंद अमेरिकेतली नाही, अर्जेंटिनातली आहे. १८९२ साली ब्युनोस आयर्समध्ये आलेहांद्रो पोसादास या वैद्यकीय विद्यार्थ्याने एका सैनिकाच्या त्वचेवरच्या गाठींचं वर्णन केलं. त्यातले गोल जीव त्याला एकपेशीय परजीवी वाटले. पुढे कॅलिफोर्नियात असेच रुग्ण दिसले तेव्हाही तोच समज कायम राहिला आणि १८९६ मध्ये नावही त्याला साजेसंच पडलं. ही बुरशी आहे हे कळायला १९०० साल उजाडावं लागलं. तोवर नाव रूढ झालं होतं, ते तसंच राहिलं. चुकीचं निदान एकदा कागदावर उतरलं की पुसणं किती कठीण असतं, याचं हे जुनं उदाहरण.

या बुरशीचा संसार मातीत चालतो. अमेरिकेचा नैऋत्य भाग, मेक्सिको आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतले काही कोरडे प्रदेश हे तिचं घर. पाऊस पडला की ती जमिनीत तंतूंच्या रूपात वाढते. माती वाळली की तंतू तुटतात आणि त्यांचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे वाऱ्यावर उडतात. नांगरणी, बांधकाम, भूकंप, धुळीचं वादळ, जमीन हलवणारं काहीही तिला पुरतं. १९९४ साली लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज इथे भूकंप झाला. डोंगर घसरले, धुळीचे ढग उठले आणि पुढच्या काही आठवड्यांत शेजारच्या व्हेंच्युरा परगण्यात व्हॅली फिव्हरची साथ आली.

कादंबरीतला आजार फार घाईत असतो. कथेला ती घाई लागते. प्रत्यक्षात धूळ नाकात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. ज्यांना लागण होते त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना काहीच जाणवत नाही. बाकीच्यांना ताप, खोकला, छातीत दुखणं, प्रचंड थकवा. काहींचे सांधे धरतात, काहींच्या नडग्यांवर लाल दुखऱ्या गाठी येतात. बहुतेक लोक कोणत्याही खास औषधाशिवाय बरे होतात. थोड्यांच्या फुप्फुसात मात्र तो ठाण मांडतो. मधुमेह असेल तर तिथे पोकळी होऊ शकते. आणि फार थोड्यांमध्ये तो रक्तावाटे हाडांत, त्वचेत, मेंदूच्या आवरणात पसरतो. तेव्हा तो खरोखर जीवघेणा ठरतो.

एक गोष्ट घरच्यांना आवर्जून सांगावी लागते. हा आजार टीबीसारखा खोकल्यातून एकाचा दुसऱ्याला होत नाही. मास्तरांच्या सूनबाईने फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता, ‘‘बाळाला काही होणार नाही ना?’’

धोका असतो तो वेगळ्याच लोकांना. प्रयोगशाळेत हीच बुरशी बशीत वाढवली की ती पुन्हा मातीतलं रूप घेते आणि तिचे बीजाणू उडू लागतात. म्हणून नमुना पाठवतानाच ‘ही बुरशी असू शकते’ असं प्रयोगशाळेला कळवायचं असतं. मी प्रवासाची चौकशी केली नाही, त्यामुळे मास्तरांचे तीन महिने गेले. शिवाय आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांनाही मी नकळत धोक्यात घातलं असतं. सुदैवाने मॅडमनी तुकडा पाहताच हात आखडता घेतला.

कागदावरून खऱ्या खड्ड्यात

‘थंडरहेड’ ही सगळी कल्पनाच, असं म्हणून सोडून देता येत नाही. कादंबरी येण्याआधीही असं घडलं होतं आणि नंतरही घडलं. १९७० साली उत्तर कॅलिफोर्नियात चिको गावाजवळ पुरातत्त्वाचे विद्यार्थी मूळनिवासींच्या जुन्या वस्तीचं उत्खनन करत होते. त्यांच्यातले निम्म्याहून अधिक जण व्हॅली फिव्हरने आजारी पडले.

कादंबरी छापून दोन वर्षं झाली आणि २००१ सालच्या जूनमध्ये याच यूटा राज्यात, डायनॉसॉर नॅशनल मॉन्युमेंट या राखीव क्षेत्रातल्या एका पुरातत्त्वीय स्थळावर काही स्वयंसेवक आणि तज्ज्ञ काम करत होते. दगडी पायऱ्या बसवायच्या, भिंत बांधायची, आणि जुन्या वस्तू हुकू नयेत म्हणून माती चाळणीतून चाळायची. दहा जणांना ताप आणि खोकला सुरू झाला. त्या भागात ही बुरशी असेल असं तोवर कुणी धरून चाललं नव्हतं. डॉक्टरांच्या नकाशावर तिची हद्द बरीच दक्षिणेला संपत होती. बुरशीला अर्थातच नकाशा माहीत नव्हता.

पुरातत्त्वज्ञ काय करतो? शतकानुशतकं न हललेली माती हलवतो, तीही गुडघ्यावर बसून, नाक जमिनीजवळ नेऊन, ब्रशने. त्या मातीत जे काही झोपलेलं असेल ते जागं झालं तर सर्वात आधी त्याच्या नाकात जाणार. यात शाप कुठेच नाही. हा त्या व्यवसायातला धोका आहे, खाणकामगाराला किंवा कापूस पिंजणाऱ्याला असतो तसा. माती ओली करून खणणं, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ ठेवणं, घट्ट बसणारा मास्क वापरणं हे त्यावरचे उपाय आहेत.

शापाच्या गोष्टींत सर्वात गाजलेली गोष्ट तुतनखामेनची. १९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टरने या इजिप्शियन राजाची कबर शोधली आणि ५ एप्रिल १९२३ ला मोहिमेचा पैसा उभा करणारे लॉर्ड कार्नार्व्हन कैरोत वारले. वर्तमानपत्रांना शाप सापडला. डॉक्टरांना काय सापडतं? गालावर डास चावला, दाढी करताना तिथे कापलं, जखम चिघळली, विष रक्तात भिनलं, शेवटी न्यूमोनिया. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. पुढे २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका ऑस्ट्रेलियन संशोधकाने कबर उघडताना हजर असलेल्या २५ पाश्चात्त्य लोकांचा हिशेब मांडला. त्यांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय ७० वर्षं निघालं. त्या काळाच्या मानाने शाप बराच मवाळ म्हणायचा.

लेखकाची पाळी

आता या गोष्टीतला सर्वात विलक्षण भाग. धुळीच्या आजारावर कादंबरी लिहिणारा डग्लस प्रेस्टन सोळा वर्षांनी स्वतःच एका हरवलेल्या शहराच्या मोहिमेवर निघाला. या वेळी कथा नव्हती.

मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात मोस्किटिया नावाचं घनदाट जंगल आहे. त्यात ‘श्वेतनगरी’ किंवा ‘वानरदेवाची नगरी’ दडली आहे, अशी दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. २०१२ साली विमानातून लायडार या तंत्राने त्या दऱ्या पाहण्यात आल्या. यात विमानातून खाली लेझरचे असंख्य झोत सोडतात. बहुतेक झोत पानांवर आपटून परततात, पण काही फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. तेवढ्यांवरून संगणक झाडांखालच्या जमिनीचा नकाशा काढतो. एका दरीत चौक, टेकाडं, बांधीव उंचवटे स्पष्ट दिसले. तिथे माणसांची वस्ती होती. २०१५ च्या फेब्रुवारीत मोहीम त्या दरीत उतरली आणि प्रेस्टन वार्ताहर म्हणून सोबत होता. दगडी शिल्पांचा मोठा साठा सापडला. विषारी साप भेटले. चिखल होता, पाऊस होता, आणि सगळ्यांच्या अंगावर कीटकांच्या चाव्यांचे शेकडो ठिपके होते.

मंडळी सुखरूप घरी परतली. काही आठवड्यांनी प्रेस्टनच्या हातावरचा एक चावा बरा होईना. दुसऱ्याचाही होईना, तिसऱ्याचाही. शेवटी मोहिमेतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना एकच आजार निघाला, लेशमानियासिस. वालुमाशी ही डासाहून लहान, आवाज न करता चावणारी माशी. तिच्या चाव्यातून एक परजीवी त्वचेत शिरतो आणि तिथे व्रण होतो. मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या काही जातींचं वैशिष्ट्य असं की कातडीवरची जखम भरून गेल्यावर काही वर्षांनी परजीवी नाकाच्या आणि तोंडाच्या आत उगवू शकतो आणि तिथला मांसल भाग झडवतो. पेरूमधल्या प्राचीन मोचे लोकांच्या मडक्यांवर नाक-ओठ झडलेले चेहरे घडवलेले आहेत. अनेक अभ्यासकांना त्यांत हाच आजार दिसतो.

प्रेस्टनवर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत उपचार झाले. हा सगळा अनुभव त्याने २०१७ साली ‘द लॉस्ट सिटी ऑफ द मंकी गॉड’ या पुस्तकात लिहिला. ही मात्र कादंबरी नव्हे, सत्यकथा आहे.

या परजीवीच्या नावामागे आपली भूमी आहे. १९०३ साली लेशमन आणि डोनोव्हन या दोन डॉक्टरांनी तो स्वतंत्रपणे ओळखला. डोनोव्हन मद्रासमध्ये काम करत होते, आणि लेशमननी तपासलेला सैनिक कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत आजारी पडला होता. आपल्याकडचा प्रकार त्वचेवर थांबत नाही. तो प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत शिरतो. तोच काळा आजार, म्हणजे कालाझार. बिहार, बंगाल, झारखंडने त्यात पिढ्या गमावल्या. त्यावर प्रभावी ठरलेलं यूरिया स्टिबामाइन हे औषध १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातल्या एका छोट्या खोलीत तयार केलं, तेही रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात. सरकारी रुग्णालयात साधनं नाहीत अशी कुरकूर करताना मला कधी कधी ती खोली आठवते आणि मी गप्प बसतो.

शहरं हरवतात, माणसं नाही

अशा कादंबऱ्यांत एक वाक्य ठरलेलं असतं. एक अख्खी संस्कृती रातोरात नाहीशी झाली! डॉक्टर म्हणून मला या वाक्याची धास्ती वाटते, कारण ‘अचानक झालं’ असं सांगणाऱ्या रुग्णाचं दुखणं बहुधा अचानक झालेलं नसतं.

‘थंडरहेड’मधले प्राचीन लोक म्हणजे कोलोरॅडो, यूटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं जिथे मिळतात त्या प्रदेशातले पूर्वज पुएब्लो. कड्याच्या कपारीत बांधलेली त्यांची दगडी घरं मेसा व्हर्दे इथे आजही पाहता येतात. तेराव्या शतकाच्या शेवटी ती ओस पडली. झाडांच्या खोडांतली वलयं सांगतात की १२७६ पासून दोन दशकांहून अधिक काळ तिथे भीषण दुष्काळ होता. त्यातच आपसातले कलह. लोक दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे निघून गेले. त्यांचे वंशज होपी, झुनी आणि रिओ ग्रान्देच्या काठचे पुएब्लो आजही तिथेच नांदत आहेत. हरवलंय कोण? १८८८ साली गुरं शोधणाऱ्या दोन गोऱ्या गुराख्यांना कड्यातला मोठा वाडा दिसला आणि ‘शोध’ लागला. १८१९ मध्ये वाघाच्या मागावर आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने अजिंठ्याचा ‘शोध’ लावला, तसाच. लेणापूरच्या लोकांना आपल्या शेजारी काय आहे ते ठाऊक होतंच.

स्थानिकांना काय ठाऊक असतं, याचा धडा डॉक्टरांनाही याच भूभागात मिळाला. १९९३ च्या वसंतात तिथले धडधाकट तरुण, त्यातले बरेच नवाहो समाजातले, अचानक श्वास कोंडून दगावू लागले. नवाहो वृद्धांनी सांगितलं की ज्या वर्षी पाऊस जास्त होतो, पिन्यॉनच्या बिया भरपूर येतात आणि उंदीर माजतात, त्या वर्षी असं होतं. उंदराला घरात येऊ देऊ नये, ही आमची जुनी शिकवण आहे. तपासात निघालं तेच. उंदरांच्या लघवीतून आणि लेंड्यांतून धुळीत मिसळणारा हंता गटातला नवा विषाणू. वृद्धांचं म्हणणं डॉक्टरांनी टिपून घेतलं, म्हणून दिशा सापडली.

होंडुरासच्या त्या दरीतले लोक साधारण सोळाव्या शतकाच्या सुमारास निघून गेले असावेत. ते का गेले? प्रेस्टनच्या पुस्तकात सुचवलेलं उत्तर रोगाचं आहे. युरोपीय जहाजांबरोबर देवी, गोवर असे आजार अमेरिका खंडात उतरले. तिथल्या माणसांच्या शरीराला त्यांची ओळखच नव्हती. ज्यांनी गोरा माणूस पाहिलाही नव्हता अशा गावांतही देवी आधी पोचली. हे उत्तर पटण्यासारखं आहे, पण अजून सिद्ध झालेलं नाही, आणि ते तसंच सांगायला हवं. एवढं मात्र नक्की की नव्या जगातल्या कित्येक ‘हरवलेल्या’ वस्त्यांवर जंगल वाढलं, कारण ते तोडायला माणसंच उरली नव्हती.

केसपेपरवरची एक ओळ

मास्तरांच्या टीबीच्या गोळ्या बंद केल्या, बुरशीवरचं औषध सुरू केलं. ते महागडं किंवा दुर्मीळ नव्हतं, आमच्या रुग्णालयाच्या औषधालयात होतं. साखर ताब्यात आणली. दोन महिन्यांत ताप गेला, भूक परतली, वजन वाढू लागलं. औषध मात्र बराच काळ चालू ठेवावं लागणार होतं. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, ‘‘डॉक्टर, पुन्हा मुलाकडे गेलो तर चालेल ना?’’ म्हटलं, जरूर जा. वादळ आलं की दारं-खिडक्या लावून घरात बसा. आणि वाफे मुलाला खणू द्या, तेही माती भिजवून आणि मास्क लावून.

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतली मुलं आज ॲरिझोना-कॅलिफोर्नियात आहेत. आई-वडील सहा-सहा महिने जाऊन येतात. व्हॅली फिव्हरचे अमेरिकेतले बहुतेक रुग्ण याच दोन राज्यांत नोंदले जातात. म्हणून घाबरायचं कारण नाही. परत आल्यावर खोकला रेंगाळला, टीबीची औषधं लागू पडत नसली, तर एवढंच सांगा, ‘‘आम्ही तिकडे राहून आलो आहोत.’’ हाच नियम इकडच्या प्रवासालाही लागू आहे. बिहारमध्ये राहून आलेल्या मजुराचा महिनाभर न उतरणारा ताप काळा आजार असू शकतो. पावसाळ्यात गवत तुडवत किल्ला चढून आलेल्या मुलाच्या काखेत किंवा कमरेला सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग असेल, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. एका बारक्या किड्याच्या चाव्यातून होणारा हा ताप वेळेवर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. नाही ओळखला तर दगा देतो. आजही काही घरांत अशा तापाला ‘किल्ल्यावरचं काहीतरी बाधलं’ म्हणतात. मी त्यांना हसत नाही. बाधलेलं असतंच. फक्त ते काय, हे शोधण्यासाठी मुलाला आधी रुग्णालयात आणा.

डॉक्टरने विचारलं नाही तर तुम्ही सांगा. आमच्या ओपीडीत एका रुग्णाला मिळणारी मिनिटं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. घाईत आम्ही विसरतो. मी विसरलो होतो.

तेव्हापासून माझ्याकडे शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या केसपेपरवर वय, व्यवसाय, व्यसन यांच्याखाली एक ओळ असते. गेल्या वर्षभरात कुठे राहिलात, कुठे फिरलात, कोणती माती हलवलीत? परवा एका मुलीने विचारलं, ‘‘सर, माती कशाला?’’ मी खणातली ‘थंडरहेड’ची जुनी प्रत काढून तिला दिली. म्हटलं, रात्रपाळीत वाच. पण कॉल आला की आधी उठ.